धुरीमेस्त्रींची तिपाय

माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये एक फोटो आहे. ऐन मंगलाष्टकांचा. पाहुण्यांचे हात अक्षता टाकायला वर गेलेत, भटजींचं तोंड उघडं आहे, बायको माझ्याकडे न बघता जमिनीकडे बघतेय, आणि स्टेजच्या खालून दोन तळपाय आणि खाकी पँटचा मागचा भाग बाहेर आलाय. ते धुरीमेस्त्री. स्टेजची एक फळी डुगडुगत होती. भटजी 'सावधान' म्हणत होते, पण त्या मांडवात खरोखर सावध असलेला माणूस एकच होता आणि तो फळीखाली पाचर ठोकत होता.

मेस्त्रींच्या शर्टाच्या खिशात पाचरी असत. लाकडाच्या, चार-पाच जाडीच्या. हॉटेलात शिरले की बसण्याआधी ते टेबलाच्या कोपऱ्यावर तळहात ठेवत, डोळे अर्धवट मिटत आणि डॉक्टरने निदान सांगावं तसं म्हणत, "हालता." मग वाकून पाचर. मग चहा. मालवणच्या बाजारातल्या निम्म्या टेबलांखाली मेस्त्रींची एकेक पाचर असेल. त्यांचा चौपायांवर विश्वासच नव्हता. "तीन पाय कदी डुगडुगनत नाय," ते म्हणत. "चौथो पाय इलो की भांडान सुरू."

चाळीस वर्षं त्यांनी होड्यांची डिझेल इंजिनं दुरुस्त केली. बंदरावर त्यांचं लहानसं वर्कशॉप होतं, शेजारीच माझा फोटो स्टुडिओ. गुडघे बोलायला लागल्यावर त्यांनी वर्कशॉप बंद केलं आणि देवबागेच्या घरी जाऊन राहिले. पुढे समुद्र, मागे खाडी, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. बाजाराला आले की मात्र स्टुडिओत डोकावल्याशिवाय जात नसत.

एकदा असेच आले आणि माझ्या व्हिडिओ कॅमेऱ्याचा ट्रायपॉड बघत उभे राहिले. लग्नांचं शूटिंग करून करून त्याचा एक पाय ढिला झाला होता, मी तो सायकलच्या ट्यूबने बांधला होता. मेस्त्रींनी वर तळहात ठेवला. मी मनात म्हटलं, आता.

"हालता."

"माहीत आहे मेस्त्री."

"म्हायत आसा नि असोच वापरतंस? लोकांची लग्नां हालवतंस मेल्या?"

तासाभरात त्यांनी तो पाय सोडून, आतला बोल्ट बदलून परत जोडला. मग खुर्चीची परीक्षा घेऊन बसले आणि म्हणाले, "माका असली तिपाय व्हयी. माझ्या दुर्बिणीक."

त्यांच्या मुलाने मस्कतहून एक दुर्बीण पाठवली होती. बोटीवरचे लोक वापरतात तसली, चांगली वजनदार. हातात धरली की पाच मिनिटांत मनगट दुखायला लागे आणि समोरचं सगळं थरथरे.

"काय बघणार दुर्बिणीतून?" मी विचारलं.

"बोटी. रेडीक खनिज भरूक येतत, त्यो."

"मेस्त्री, रेडी बंदर देवबागेतून दिसत नाही."

"दिसता. नीट बगूक व्हया."

कणकवलीत त्यांना पसंत पडेल असं काही मिळालं नाही, म्हणून एका सोमवारी आम्ही कोल्हापूरला निघालो. माझा कॅमेरा त्यांनी मुद्दाम बरोबर घ्यायला लावला. तळेऱ्याला बस चहाला थांबली, तिथे दोन पाचरी खर्ची पडल्या.

मेस्त्री परगावी गेले की शुद्ध बोलत. इतकं शुद्ध, की समोरच्याला सरकारी नोटीस आल्यासारखं वाटे. दुकानदाराने पहिला स्टँड उभा केला, सगळे नळे ओढून माणसाच्या उंचीएवढा केला. मेस्त्रींनी पिशवीतून स्टीलचा पेला काढला, पाण्याने भरला, स्टँडच्या डोक्यावर ठेवला आणि पायाला टिचकी मारली. पाणी थरथरलं. मेस्त्री मोजू लागले. "एक, दोन, तीन, चार, पाच. सदर तिपाय हलत आहे."

"काका," दुकानदार म्हणाला, "स्टँड घ्यायला आलाय की पाणी तपासायला?"

मग माझा कॅमेरा चढवला. समोरच्या चपलांच्या दुकानाच्या पाटीवर झूम करायला लावलं आणि मेस्त्री पडद्यात डोळा घालून बसले. टिचकी मारली की पाटीवरची अक्षरं नाचत. दुसऱ्या स्टँडवर अक्षरं चार मोजेपर्यंत नाचली, तिसऱ्यावर सहा. मग दुकानदाराने आतून एक जाडजूड स्टँड आणला. टिचकी मारली, आणि अक्षरं 'एक' म्हणायच्या आत शांत. मेस्त्रींचा चेहरा फुलला. त्यांनी किंमत विचारली. किंमत ऐकली. मग पेला उचलला आणि त्यातलं पाणी पिऊन टाकलं.

मला वाटलं, संपलं. पण मेस्त्रींनी मघाचा सगळ्यात स्वस्त स्टँड पुन्हा मागवला. खालचे बारीक नळे आत ढकलून घट्ट केले, वरचे जाड तेवढेच ठेवले. मधला दांडा पार खाली बसवला. माझी कॅमेऱ्याची बॅग त्या दांड्याला खाली लटकवली. टिचकी. "एक, दो..." अक्षरं थांबली.

"बघितलंत?" मेस्त्री दुकानदाराला म्हणाले. "दोष तिपायीत नाही. तिला उगाच ताणून उभी करता, तो दोष."

"आवो पण एवढ्या बुटक्या स्टँडावर बघणार कोण? उभ्या माणसाच्या कमरंला लागतोय त्यो!"

मेस्त्री दुकानदाराच्याच खुर्चीवर बसले, जमिनीपासून डोळ्यापर्यंत वितीने मोजलं, पायांची उंची बोटभर कमी केली. मग स्टँडचं डोकं फिरवायचा दांडा उजवीकडून काढून डावीकडे लावला. डोळे मिटून एका बोटाने तो फिरवून पाहिला. अडकतो का, मध्येच उडी मारतो का, सोडला की जागेवर राहतो का. तीन स्टँडची डोकी त्यांनी अशी फिरवून नाकारली. चौथ्याचं पसंत केलं आणि ते त्या स्वस्त स्टँडवर चढवायला लावलं.

"काका, डावरं हाय काय?" दुकानदाराने विचारलं.

"नाही," मेस्त्री म्हणाले. "मी उजवाच आहे."

येताना गगनबावड्याचा घाट उतरेपर्यंत ते ट्रायपॉड मांडीवर आडवा घेऊन बसले होते. वर ठेवूया म्हटलं तर म्हणाले, "वर हालात."

पुढच्या रविवारी मी देवबागेला गेलो. मागच्या दारी, खाडीकडच्या पडवीत, इंदूकाकी खुर्चीत बसली होती. इंदूकाकी म्हणजे मेस्त्रींची बायको. दोन वर्षांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. उजवा हात मांडीवर कुणीतरी ठेवून दिल्यासारखा पडलेला असे. तिच्यासमोर तिपाय होती, तिच्या डोळ्याच्या उंचीला. दुर्बीण बसवायला मेस्त्रींनी लोखंडाच्या पट्टीचा कोन स्वतः घडवला होता. काकी डाव्या हाताच्या बोटाने दांडा हळूहळू फिरवत होती.

"वयनीन पडदो बदललो," ती दुर्बिणीतून डोळे न काढता म्हणाली. "हिरवो लायलो. दादा जाळा सुकत घालता. ह्या बग, परत थंयच घालता, कुत्रो बसता थंय."

पलीकडच्या तीरावर भोगवे. तिथे तिचं माहेर, अगदी पाण्याला लागून. तिचा थोरला भाऊ जगू तिथे मासेमारी करतो. पूर्वी ती दर आठ-पंधरा दिवसांनी होडीतून जाई. आता होडीत चढणं शक्य नव्हतं.

मेस्त्री खाडीकडे पाठ करून सुपात तांदूळ निवडत बसले होते. मी दुर्बिणीला हात लावायला गेलो तर ओरडले, "हात लावू नको. तिच्या डोळ्याक लायलेली आसा."

"तुम्ही बघता की नाही?"

"माका काय बगूचा आसा? म्हायार तिचा."

खरं कारण गावात सगळ्यांना माहीत होतं. बारा वर्षांपूर्वी जगूने नवी होडी पाण्यात घातली. नारळ फुटला, पेढे वाटले, इंजिन सुरू झालं. सगळा गाव जमलेला असताना मेस्त्रींनी इंजिनावर तळहात ठेवला आणि मोठ्याने म्हणाले, "हालता. म्हयनोभर चलाचा नाय." चांगल्या दिवशी, स्वतःच्या मेव्हण्याने. जगू त्या दिवसापासून बहिणीच्या घरी आला नाही. काकी हॉस्पिटलात होती तेव्हा आला, तोही मेस्त्री चहाला बाहेर गेल्याचं बघून. इंजिन मात्र बारा वर्षं चाललं. रोज पहाटे ते देवबागेसमोरून ठक-ठक करत जाई आणि मेस्त्री ते अंथरुणात पडून ऐकत.

महिन्याभराने मी पुन्हा गेलो तेव्हा काकी रडत होती. बोलणं नीट उमटत नव्हतं. मेस्त्री तिच्यासमोर पाण्याचा पेला घेऊन उभे होते आणि ती घेत नव्हती.

"दादा दिसना नाय," ती म्हणाली. "तीन दिवस. होडी वर वडलेली आसा. वयनी एकटीच भायर येता."

"तापबीप इलो आसात," मेस्त्री म्हणाले.

"तुमका कसा म्हायत?"

मेस्त्रींनी पेला खाली ठेवला. आत गेले, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. शेजारणीला काकीजवळ बसवलं आणि मला म्हणाले, "नंदू, चल."

तरीच्या होडीत ते एक शब्द बोलले नाहीत. होडी चांगलीच डुलत होती, पण त्याबद्दलही नाही.

जगू ओसरीवर बाजल्यावर पडला होता. शिंगाळा माशाचा काटा पायात गेला होता, पाय पोटरीपर्यंत सुजलेला. मेस्त्रींना बघून तो उठायला गेला, मग पुन्हा टेकला. त्याची बायको दारातच थांबली.

"इंजिन बरा चलला तुजा," मेस्त्री म्हणाले. "बारा वर्सां. माजा चुकला."

जगूने त्यांच्याकडे बघितलं. "तां सांगूक इलस?"

"नाय. इंदू रडता. तीन दिवस तू दिसाक नाय म्हणान."

"तिका मी दिसतंय? खंयसून?"

मेस्त्रींनी सांगितलं. दुर्बीण, तिपाय, खुर्ची, सगळं. जाळं कुत्रा बसतो तिथेच सुकत घालतोस, हेसुद्धा सांगितलं. जगू ऐकत राहिला. मग त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि थोड्या वेळाने बायकोला म्हणाला, "शर्ट दी गो."

पाय टेकवत नव्हता. आम्ही दोघांनी त्याला खुर्चीत बसवलं आणि खुर्ची उचलून पुळणीवर, पाण्याजवळ नेली. मेस्त्रींचे गुडघे कुरकुरत होते, मला ऐकू येत होतं. पलीकडे देवबागेचे माड दिसत होते, माडांखाली कौलं. पडवीही दिसत नव्हती, मग माणूस कुठून दिसणार? जगूने हात वर केला. जरा वेळाने अवघडून खाली घेऊ लागला.

"खाली घेव नको," मेस्त्री म्हणाले. "तिका दुर्बिणीत गावाक वेळ लागता."

त्यांनी त्याच्या कोपराखाली आपला हात दिला आणि तसेच उभे राहिले. दोघे साठी उलटलेले, एक खुर्चीत, एक उभा, पलीकडे काहीही दिसत नसताना बघत राहिलेले. शेवटी जगूच म्हणाला, "गावलंय आसान आता."

"पाय बरो झालो की ये," मेस्त्री म्हणाले. "आमटी मीच करतंय आता. बरी होता."

आम्ही परत आलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. शेजारीण निघून गेली. मेस्त्री सरळ आत गेले. चुलीवर भाताचं पातेलं ठेवल्याचा आवाज आला.

मी काकीजवळ टेकलो. तिचे डोळे सुकले होते. दुर्बिणीवरून हात काढून तिने तो मांडीवर ठेवला होता.

"दिसले का दादा?" मी विचारलं.

"दिसलो. पाय सुजलोहा तेचो." मग ती आतल्या दाराकडे बघत आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "नंदू, हेंका मी इतक्या लांबसून कदी बगूकच नाय रे. रोज जवळच असतत. हे इतके म्हातारे कदी झाले?"