खिळेकाकांची दुरुस्ती

वाचकहो, आपल्या कॅथलिक साप्ताहिकाचा सत्तर वर्षांचा इतिहास मी एकटी लिहीन, आणि तोही एकही चूक न करता, असं मी फादरांना छातीठोकपणे सांगितलं होतं. माझे बाबा एकेचाळीस वर्षं संपादक होते. त्यांना जाऊन चार महिने झाले होते, आणि त्यांच्या नावाला मला बट्टा लागू द्यायचा नव्हता.

तशी तयारी चोख होती. चर्चमागच्या खोलीत हातयंत्रावर निघालेल्या पहिल्या अंकापासून सगळं बाबांनी फायलींत लावून ठेवलेलं. ‘मृत्युलेख’ नावाच्या फायलीतून मी खिळेकाकांवरचा लेख जसाच्या तसा इतिहासात घेतला. खिळेकाका म्हणजे आमचे जुने कंपोझिटर, छपाईचे खिळे जुळवून पानं लावणारे, उलटी अक्षरं सुलट्यांपेक्षा भरभर वाचणारे. निवृत्त होऊन ते लेकीकडे दुसऱ्या गावी राहायला गेले होते. ते वारल्याचं आपल्याला कोणी कळवलं नाही, याचं मला वाईटही वाटलं.

अंक शनिवारी निघाला. रविवारी फादरांनी काकांच्या आत्म्यासाठी मिस्सा अर्पण केली. त्यांनी नाव उच्चारलं आणि मागच्या बाकावरून खणखणीत आवाज आला, “फादर, जरा थांबा.”

काका अंक घेऊन पहिल्या बसने आले होते. ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी भलतीच पट्टी दाबली.

बाहेर आल्यावर माझी मान वर होईना. “काका, चुकलं माझं. बाबा माणूस जिवंत असतानाच मृत्युलेख लिहून ठेवायचे, हे मला माहीत नव्हतं.”

“मला होतं. म्हणायचे, माणूस गेल्यावर लिहायला बसलं की डोळे भरतात आणि वाक्यं लांबतात.”

बाबांवर लिहिताना माझं पहिलंच वाक्य अकरा ओळींचं झालं होतं.

काकांनी अंकाची घडी उलगडली. “‘याने जुळवलेल्या पानात चूक शोधता शोधता मला चष्मा लागला, चूक सापडली नाही.’ पोरी, हे खरंच त्यांनी लिहिलंय? तोंडावर मला जन्मभर गाढव म्हणत होता तुझा बाप.”

“अक्षर त्यांचंच आहे, काका.”

काकांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

“पुढच्या अंकात दुरुस्ती छापते,” मी म्हटलं. “तुम्ही सुखरूप आहात म्हणून.”

“छाप की. पण आधी अख्खा लेख पुन्हा घे. नाहीतर दुरुस्ती कशाची, ते लोकांना कळणार कसं?”

घेतला. प्रूफ काकांनी स्वतः तपासलं आणि ‘कुशल’च्या आधी ‘अत्यंत’ घातलं.

आता वयस्कर मंडळी ‘मृत्युलेख’ फायलीची चौकशी करत रोज घरी येतात. काल फादर सहज म्हणून डोकावले. त्यांच्यावरचा लेख बाबांनी दीड ओळीत आटोपलाय, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?