बोरठाण मतदारसंघाचे आप्पा

आमच्या शेजारचे सिद्रामप्पा कुठलाही फॉर्म भरताना पत्त्याखाली एक ओळ न विचारता जास्त लिहितात : 'विधानसभा मतदारसंघ : बोरठाण.' गॅसच्या अर्जावर लिहितात. रक्त तपासायला गेले तर लॅबमधल्या मुलीकडून लिहून घेतात. आणि बोरठाण नावाचा मतदारसंघ आता या जगात नाही. पुनर्रचनेत त्याचे दोन तुकडे करून ते शेजारच्या दोन मतदारसंघांना वाटून टाकले, त्यालाही बरीच वर्षं झाली.

"मला इचारलं का?" हा आप्पांचा त्यावरचा कायमचा सवाल. "घरातलं कपाट हलवायचं तरी बायकूला इचारत्यात. हितं अख्खा मतदारसंघ मोडला की वो!"

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो. लोकसंख्या वाढली की असं करावंच लागतं, असं मी त्यांना एकदा समजावायला गेलो. घोडचूक! तेव्हापासून जुळे सोलापुरातल्या आमच्या बिल्डिंगखाली रोज संध्याकाळी आप्पाच माझा तास घेतात.

बोरठाणचे सगळे आमदार त्यांना तोंडपाठ आहेत. पहिले सायकलवरून मतं मागायला यायचे. दुसरे पाच वर्षांत विधानसभेत एकदाच बोलले, तेही पंखा बंद करा म्हणून. तिसऱ्यांनी आप्पांच्या गावाला शाळा दिली, म्हणून त्यांचं नाव घेताना आप्पा टोपी सारखी करतात. "आनि पडलेलेबी लिवून घ्या सर. पडायलाबी आदी उभारावं लागतंय."

पण आप्पांचं खरं दुखणं पुलाचं. गावाजवळच्या ओढ्यावर पूल होणार म्हणून तीन आमदारांनी तीन वेळा भूमिपूजन केलं. तीन कोनशिला उभ्या आहेत, पूल नाही. पुनर्रचनेची रेघ नेमकी त्याच ओढ्यातून गेली. आता अलीकडचे आमदार म्हणतात, पूल पलीकडच्यांचा. पलीकडचे म्हणतात, अलीकडच्यांचा. हे ऐकलं आणि माझंही डोकं फिरलं. रेघ मारणाऱ्याला ओढा बरोबर दिसला, तो रोज ओलांडणारी माणसं तेवढी दिसली नाहीत?

मग पुलासाठी मीच अर्ज लिहिला आणि आप्पांना घेऊन सात रस्त्याजवळच्या एका कचेरीत गेलो. तिथल्या क्लार्कनं कॉम्प्युटरकडे बघत सांगितलं, "आजोबा, बोरठाण सिस्टीममध्ये नाही."

"शिस्टिममदी न्हाय? मग जलमभर पेटीवर सह्या केल्या त्या कुटं केल्या मी?"

आप्पा प्रत्येक निवडणुकीत बूथवर पोलिंग एजंट म्हणून बसायचे, हे मला तेव्हा कळलं. विरुद्ध पार्टीचा एजंट धोंडिबा, ओढ्यापलीकडचा मेंढपाळ. त्याच्या गावाला शाळा नव्हती, म्हणून दोन्ही गावांचं मतदान आप्पांच्या गावच्या शाळेत. सकाळपासून दोघं मांडीवर याद्या घेऊन शेजारी शेजारी बसायचे आणि एकमेकांच्या मतदारांवर हरकती घ्यायचे. एकदा धोंडिबानं आप्पांच्या सख्ख्या आईवर हरकत घेतली, ही बाई ती नव्हेच म्हणून. पुढच्या निवडणुकीत आप्पांनी खुद्द धोंडिबावरच घेतली. दुपारी मात्र दोघांची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी एकाच डब्यातली. संध्याकाळी पेटीला सील लागलं की त्यावर दोघांची सही. मतदारसंघ मोडला, धोंडिबाच्या गावाला वेगळं बूथ मिळालं आणि ते बसणं संपलं.

"फोन करायचा की मग," मी म्हणालो.

"फोनवर भांडान लागत न्हाय," आप्पा म्हणाले.

कचेरीला पुरावा दाखवायचा म्हणून गेल्या रविवारी आम्ही स्कूटरवरून त्या कोनशिलांचे फोटो काढायला गेलो. ओढ्याला कमरेएवढं पाणी होतं. पलीकडच्या काठावर मेंढरं चरत होती आणि काठीला टेकून एक म्हातारा उभारला होता. आप्पा स्कूटर थांबायच्या आत उतरले.

"ए बोगस मतदारा!"

"आलास व्हय रं? डिपॉझिट वाचलं का न्हाय तुमचं?"

मग अर्धा तास दोघांनी आजवरची प्रत्येक निवडणूक ओढ्याच्या दोन काठांवरून पुन्हा लढवली. मेंढरं पांगली, त्याचं भान धोंडिबाला नव्हतं. आप्पांचा चेहरा इतका फुललेला मी कधी बघितला नव्हता. मधेच मी म्हणालो, "वळसा घालून रस्ता आहे, चला, पलीकडं नेतो तुम्हाला."

"त्येच्या मतदारसंघात? मी?" आप्पा माझ्यावरच खेकसले. "मी का त्या वाटणीला मान्यता देऊ?"

परतीच्या वाटेवर बऱ्याच अंतरानं मला आठवलं की फोटो काढायचे राहूनच गेले. मी स्कूटर वळवायला लागलो.

"आज ऱ्हाऊ द्या वो सर," मागून आप्पा म्हणाले. "त्येचा आवाज लई बसलाय. शेवटची शिवी दिलेली मला नीट ऐकूच आली न्हाय. पूल व्हायलाच पायजे. हिकडंपातूर त्येचा आवाज आता लई दिवस यायचा न्हाय."