चौदा धुतलेले, नऊ न धुतलेले

"सव्वीस वर्षांत आपल्याकडून एक बटण हरवलेलं नाही आणि दिलेली वेळ चुकलेली नाही!"

लाँड्रीवाले नाना हे वाक्य दिवसातून किमान तीनदा म्हणत. गिऱ्हाईक कपडे टाकायला आलं की एकदा, न्यायला आलं की एकदा, आणि दुपारी दुकानात कुणीच नसलं की इस्त्रीला उद्देशून एकदा. खोटी बढाई असती तर लोकांनी हसून सोडून दिली असती. पण ही खरी होती, त्यामुळे नानांना ती रोज सांभाळावी लागे. तरीही ते खुशीत असत.

वर्ष संपत आलं, सुट्ट्या लागल्या, तशी रस्त्यावरच्या दुकानदारांची बैठक भरली. यंदा सगळ्यांनी मिळून रस्त्यातच मेळा करायचा ठरलं. पुढाकार बेकरीवाल्या ताईंचा. सलूनवाला म्हणाला, मी पोरांचे केस फुकट कापतो. पुस्तकवाले मास्तर म्हणाले, मी जुनी पुस्तकं वाटतो. ताई म्हणाल्या, आपण घराघरांतून जुने लोकरीचे कोट गोळा करू आणि ज्याला हवा त्याला, एकही प्रश्न न विचारता देऊ.

एवढ्यात नाना उठून उभे राहिले.

"मळके कोट वाटायचे? आपल्या रस्त्यावर? आपण असताना? अजिबात नाही! एकूण एक कोट मी धुणार! दुकानातून नवीन घेतलाय असं वाटलं पाहिजे!"

टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत बसलेल्या नानांच्या पत्नीनं, जिला सगळा रस्ता वहिनी म्हणतो, कपाळाला हात लावला. सुट्टीच्या दिवसांत दुकानात आधीच पाऊल ठेवायला जागा नसते, हे तिला ठाऊक होतं. नाना मात्र घरी जाईपर्यंत त्या टाळ्या मोजत होते.

दानाचे चौदा कोट आले. अवस्था विचारू नका! एकाचं अस्तर लोंबत होतं, एकाला मांजराचे इतके केस की तो कोट आहे की मांजर, हे उचलून बघावं लागलं. नानांना भलताच चेव चढला. त्यांनी कोट घासले, झटकले, वाफेवर धरले, अस्तरं शिवली. एका कोटाची दोन बटणं नव्हती, तर स्वतःच्या कोटाची काढून लावली. शेवटी प्रत्येकावर पारदर्शक कव्हर चढवून चौदाच्या चौदा खिडकीजवळच्या दांडीवर टांगले. मग मागे सरकून बराच वेळ बघत राहिले.

समोरच्या भिंतीकडच्या दांडीवर गिऱ्हाइकांचे नऊ कोट होते. चुरगळलेले, मळलेले, आठ दिवस कुणी हात न लावलेले.

"अहो, हे कधी करणार?" वहिनी रोज विचारी.

"होतील गं. मेळ्याच्या दिवशी पाच वाजेपर्यंत वेळ दिलीय."

"बाईंचा तपकिरी कोट आहे त्यात."

बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. निम्मा रस्ता त्यांच्या हाताखालून गेलेला, त्यात नानाही. मेळ्यात संध्याकाळी सहा वाजता त्यांचं भाषण होतं आणि भाषणाला तोच कोट लागणार होता. "बाईंचा तर मी सगळ्यात आधी घेणार!" नाना म्हणत, आणि दानाच्या एखाद्या कोटाची कॉलर पुन्हा एकदा इस्त्रीखाली घेत.

मेळ्याच्या दिवशी सकाळी नाना आणि वहिनी रस्त्याच्या टोकाला पताका बांधायला गेले. जाताना नानांनी ताईंना सांगितलं, "दुकान उघडंच आहे. कोट दांडीवर आहेत, घेऊन जा."

पुढे काय घडलं ते नानांना नंतर कळलं, पण तुम्ही आताच ऐका. ताई आणि मास्तर हातगाडी घेऊन दुकानात शिरले. एका बाजूला चौदा झगमगीत कोट, कव्हरात. दुसऱ्या बाजूला नऊ मळके.

"हे नाना धुणार होते ना?" मास्तर मळक्या कोटांकडे बघत म्हणाले.

"वेळ नसेल मिळाला बिचाऱ्यांना. गिऱ्हाइकांचे आधी करावे लागतात, ते बघा किती सुंदर केलेत."

"पण चौदा होते."

"उरलेले भिजत असतील मागे. आणि मास्तर, एक शब्द बोलायचा नाही हं नानांना. माणसाला लागतं असलं बोलणं."

दोघांनी नऊ मळके कोट अलगद गाडीवर घातले आणि नेले. कोटांचं टेबल मास्तरांनीच सांभाळायचं ठरलं होतं, कारण त्यांचं पुस्तकांचं टेबल शेजारीच होतं.

दुपारी नाना मेळ्यात अवतरले. चालीतच कळत होतं, माणूस कौतुक ऐकायला निघालाय. रस्ता छान सजला होता. शाळेतली मुलं गात होती, बेकरीसमोर केकसाठी रांग होती, सलूनवाल्यानं खुर्ची बाहेर मांडली होती. नाना ताईंसमोर जाऊन उभे राहिले. खाकरले.

"मग? कोट कसे वाटले?"

ताईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "असू द्या हो नाना. जमेल तेवढं केलंत. मनात आलं, हेच मोठं."

नाना चक्रावले. जमेल तेवढं? तेवढ्यात समोरून बागेतला माळी गेला. त्याच्या अंगात राखाडी कोट होता. नानांना माणसं एक वेळ आठवत नाहीत, कोट आठवतात. डावा खांदा उतरलेला, खिशाशी कात्रीचं टोक लागून पडलेलं भोक. हा सलूनवाल्याचा कोट! आणि सलूनवाला पाच पावलांवर एका पोराचं डोकं धरून उभा!

नानांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी मान वळवली. पहारेकऱ्याच्या अंगात दातांच्या डॉक्टरांचा कोट. फुलवालीच्या अंगात गाण्याच्या शिक्षिकेच्या नवऱ्याचा. नाना दुकानाकडे असे धावले की गाणारी मुलं गाणं थांबवून बघायला लागली.

दुकानात चौदा धुतलेले कोट जागच्या जागी होते. समोरची दांडी रिकामी.

"वेळ पाचची दिलीय," नाना खुर्चीत बसत म्हणाले. "सव्वीस वर्षं गं!"

"मग आता जाऊन सरळ सांगा, चूक झाली म्हणून," वहिनी म्हणाली.

"सांगायचं काय? गुपचूप बदलून आणतो!"

एक धुतलेला कोट काखेत मारून नानांनी माळ्याला झाडाआड गाठलं.

"माळीदादा, तो कोट काढा बरं. तुम्हाला हा घ्या. बघा कसा झकास!"

माळ्यानं नव्या कोटाकडे बघितलं, मग अंगातल्या कोटाकडे. "चांगला देऊन वाईट परत मागताय? का?"

"असंच."

"असंच कुणी काही करत नाही, नाना." माळी खिसे चाचपायला लागला. "काय आहे यात?"

"काही नाही!" नाना ओरडले. जरा जास्तच जोरात ओरडले.

दहा मिनिटांत रस्ताभर बातमी झाली की जुन्या कोटांत काहीतरी आहे आणि नाना ते परत मिळवायला जिवाचा आटापिटा करतायत. पहारेकऱ्यानं गळ्यापर्यंत सगळी बटणं लावून घेतली. फुलवालीनं अस्तर उसवून आत डोकावून पाहिलं. ज्याच्याकडे स्वतःचे दोन कोट होते तो गॅरेजवाला मास्तरांच्या टेबलापाशी येऊन हळूच विचारायला लागला, "तो मळका एखादा शिल्लक आहे का हो?" नानांनी पहारेकऱ्याला दोन धुतलेले कोट देऊ केले. त्याबरोबर पहारेकरी खुर्ची सोडून उभा राहिला आणि म्हणाला, "आता तर मेलो तरी देणार नाही!"

नाना घामाघूम होऊन परतले. चार वाजले होते.

"सरका," वहिनी म्हणाली.

तिनं चौदाही कोटांची कव्हरं काढली, हातगाडीवर घातले, मास्तरांच्या टेबलाशेजारी दांडीवर टांगले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "धुतलेले कोट आत्ता आलेत! सकाळी आमच्या चुकीनं मळके बाहेर आले! ज्यांनी नेलेत त्यांनी बदलून घ्या!"

"अगं, चुकीनं कशाला म्हणायचं?" नाना तिच्या कानाशी पुटपुटले.

"मग काय, हौसेनं म्हणू?"

पहारेकरी आला, त्यानं धुतलेल्या कोटाचा वास घेतला, आणि क्षणात मळका काढून टाकला. मग फुलवाली आली, मग माळी. झुंबड उडाली. अर्ध्या तासात आठ कोट परत आले. नानांनी ते पोटाशी धरून दुकान गाठलं आणि वाफेचं यंत्र सुरू केलं. हात इतके भराभर चालत होते की वहिनीला हँगर पुरवता येईनात. डाग काढायला वेळ नव्हता, पण दिसण्यात तरी कोट सरळ झाले.

नववा मात्र आला नाही. नववा बाईंचा.

मास्तरांना विचारलं तर ते म्हणाले, "तपकिरी ना? अगदी पहिला गेला तो. मी वाचत होतो. कुणीतरी खूश होऊन घेऊन गेलं एवढं आठवतं."

आता नाना खरोखर हादरले. दुसऱ्या कुणाचा असता तर हातापाया पडले असते, थापही मारली असती. पण बाईंसमोर थाप मारताना त्यांचे कान लाल होत, सातवीपासून. त्यांना स्वतःची लाज वाटायला लागली. टाळ्यांसाठी चौदा कोट तीन-तीनदा इस्त्री केले आणि ज्यांनी विश्वासानं टाकले त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पाचाला दोन मिनिटं कमी असताना दुकानाच्या दारात बाई आल्या. हातात पावती. आणि अंगात तपकिरी कोट!

नानांचा जीव भांड्यात पडला. पण पुढच्याच वाक्याला तो भांड्यातून बाहेर आला.

"नाना, आधी हे बघा. काय योगायोग!" बाई म्हणाल्या. "सकाळी कोट न्यायला कुणी पुढे येईना, लाजत होते सगळे. म्हटलं आपण सुरुवात करावी. तर हा दिसला! हुबेहूब माझ्यासारखा! धाकट्या बहिणीला असाच हवा होता, तिला देईन. गारठा होता म्हणून घातला. पण देणारा मोठा गबाळा माणूस हं! कॉलर काळी, बाह्यांना शाई, खिशात खोकल्याच्या गोळ्यांचे कागद! दान करताना निदान झटकून तरी द्यावा! मी तर आज भाषणातच बोलणार आहे यावर. चला, माझा आणा."

वहिनीनं एकदम पाठ फिरवली आणि रिकामे हँगर मोजायला घेतले.

वाटून उरलेला दानाचा एक कोट वहिनीनं दुकानात परत आणून टांगला होता, धुतलेला, जवळपास त्याच रंगाचा. नानांचा हात त्याच्याकडे निघालाही. पण कान तापायला लागले होते.

"बाई," नाना म्हणाले, "हाच तो."

"कुठला?"

"तुमच्या अंगातला. तुमचाच आहे. आठ दिवस माझ्याकडे होता, मी हात लावला नाही. लोकांनी वाहवा करावी म्हणून दानाचेच धूत बसलो. चुकलं माझं."

बाईंनी कोट काढला. बाही उलटी करून शाई पाहिली. आतल्या खिशातून एक रुमाल काढला, उलगडला. कोपऱ्यात त्यांनी स्वतःच्या हातानं भरलेलं लाल फूल होतं. त्यांनी त्या फुलावरून बोट फिरवलं.

"म्हणजे सकाळपासून मी ज्या गबाळ्या माणसाला नावं ठेवतेय..."

"हो, बाई."

"सलूनवाल्याला सांगितलंय मी. ताईंना सांगितलंय. शाळेच्या मुलांना रांगेत उभं करून सांगितलंय."

हँगर मोजणाऱ्या वहिनीचे खांदे हलत होते.

बाईंनी रुमालाची नीट घडी केली. "नाना, ही गोष्ट या दुकानाबाहेर जाणार नाही."

"नाही, बाई!"

"मीही कुणाला काही बोलणार नाही. भाषणाला तो उरलेला द्या, घालते. छान धुतलाय."

नानांना भरून आलं. सव्वीस वर्षं वाचली! बाईंनी शाळेत कधी एक गुण वाढवून दिला नव्हता, आज सगळी इज्जत परत दिली. त्यांनी दोन्ही हातांनी तो कोट पुढे केला.

"आणि माझा कधी मिळेल?" बाह्यांत हात घालत बाईंनी विचारलं.

"परवा, बाई. उद्या सुट्टी ना, सगळा रस्ता बंद."

"हो, उद्या सगळ्यांना सुट्टी आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही नऊला या."

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. एकट्या लाँड्रीतून वाफ येत होती. नाना टेबलावर वाकले होते आणि समोर स्टुलावर बाई बसल्या होत्या, पायावर पाय टाकून.

"कॉलर पुन्हा घ्या," त्या म्हणाल्या.