तीन कुलपं आणि एक कडी

ये गं, अशी जवळ बस. सहा महिने तोंड दाखवलं नाहीस आणि आता उभ्या उभ्या निघालीस? शोभतं का हे? आमच्या शेजारच्या निकमभाऊंचं ऐकल्याशिवाय सोडायची नाही मी.

लग्नपत्रिका रद्दीत घालण्याआधी पाकिटावरचं स्वतःचं नाव कात्रीने कापून काढणारा माणूस पाहिलायस कधी? ते निकमभाऊ! कारलीसुद्धा दोन पिशव्यांत लपवून आणायचे. दाराला तीन कुलपं. कोपऱ्यापर्यंत जायचे, परत येऊन तिन्ही ओढून बघायचे. वय विचारलं की म्हणायचे, "लिहून ठेवलंय. तेवढं पुरे." बायको जाऊन नऊ वर्षं झालेली, एवढंच काय ते आमच्या इंदिरानगरला ठाऊक.

आणि गंमत बघ! दिवाळीच्या आधी पुनर्विवाह जुळवणाऱ्या एका वेबसाइटमध्ये कुणी चोर घुसला आणि नाव नोंदवलेल्यांची सगळी माहिती बाहेर पडली. ईमेलवरून यादी हापिसाहापिसांत फिरली. आमच्या सूनबाईने छापूनच आणली. त्यात आमचे निकमभाऊ! स्वतः सांगितलेलं वय साठ, जन्मतारखेने पासष्ट. अंगणात जमलेल्या बायकांना मीच मोठ्याने वाचून दाखवलं. काय हसलो गं आम्ही!

मग शेवटचा रकाना आला. अपेक्षा : 'संध्याकाळी घरी आल्यावर आतून कडी काढणारं कुणी असावं.'

हसू थांबलं. मान वर केली, तर फाटकाशी निकमभाऊ उभे.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या गेटवर पाटी : 'घर विकणे आहे.' चार दिवस दार बंद. मी थालीपीठ घेऊन गेले, बाहेरूनच म्हटलं, "भाऊ, चुकलं माझं."

आतून आवाज आला, "लिहून ठेवलेलं आता पुसता येत नाही, वहिनी."

पाचव्या दिवशी विंचूरहून एसटीने एक बाई आल्या. सुमनताई, रिटायर्ड नर्स. हातात तीच यादी, भाऊंचा पत्ता त्यातूनच मिळालेला. दारावर थापा मारत म्हणाल्या, "अहो निकम, उघडा की! माझंबी वय फुटलंय याच्यात. तुम्ही पाचच वर्षं चोरली, मी सात चोरली होती. लाजायचं तर मी लाजायला पाहिजे!"

मग कडी वाजली.

पाटी उतरली. दिवाळीनंतर रजिस्टर लग्न झालं, साक्षीदार म्हणून सही माझी. आता कारली एकाच पिशवीत असतात, गल्लीभर दिसतील अशी. किल्ली खिशात असते, तरी भाऊ बेल दाबतात आणि आतून कडी वाजेपर्यंत पायरीवर थांबून राहतात, कान देऊन.

तू पण परत लवकर ये गं. कधीही ये. कडी काढायला मी आहे.