एक फोटो असू दे घरात

दत्तोपंत कंपाउंडरांनी मान तिरकी करून, एक डोळा मिटून तुमच्याकडे बघितलं, की समजायचं आपलं काही खरं नाही. साठ सालच्या आसपासच्या आमच्या पनवेलात तरी सगळे असंच समजत.

सकाळी ते सरकारी दवाखान्यात औषधाच्या बाटल्या भरत आणि दुपारनंतर आमच्या शेजारी स्वतःचा फोटो स्टुडिओ चालवत. नोकरी पोटासाठी, धंदा हौसेसाठी. पंचाईत एवढीच, की दवाखान्यातही त्यांच्यातला फोटोग्राफर गप्प बसत नसे. औषध देता देता हळूच म्हणत, "एक फोटो असू दे घरात." आणि ज्याला म्हणत तो, देवाशप्पथ सांगतो, थोड्याच दिवसांत हारासकट भिंतीवर लागे!

"औषधात पाणी घालून गिऱ्हाइकं तयार करतो मेला," लोक म्हणत. कोन गावचा एक म्हातारा तर बाटली तिथंच टाकून पळाला. "नाय नाय, मी बरा हाय! मना खोकलाच नाय!" शेवटी डॉक्टरांनी पंतांना बोलायला बंदी केली. मग ते नुसते बघत. ते त्याहून वाईट.

मी एकदा चिडून विचारलंच, "पंत, कशाला लोकांना घाबरवता?"

"अरे, चेहरा उतरायला लागला की मला दिसतं. माणूस गेल्यावर बायकापोरं रडत येतात, फोटो काढा म्हणून. तेव्हा कशाचा काढू?"

तेव्हापासून मी त्यांच्यासमोर उगाचच टवटवीत चेहरा करून फिरायचो.

मग पंतांची बायको, आमच्या सुमतीवहिनीच अंथरुणाला खिळल्या. पंत त्यांच्या तोंडाकडे बघेनासे झाले. औषध पाजतानाही नजर जमिनीवर. एका दुपारी वहिनींनीच हट्ट धरला, "गावाचे काढता, माझा एक नाही. काढा!" हिरवं लुगडं नेसून, माझ्या हाताला धरून त्या स्टुडिओतल्या खुर्चीत येऊन बसल्या.

पंत कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्याखाली शिरले आणि तिथूनच त्यांनी फोटो काढायचा रबरी फुगा दाबला. ज्या काचेवर फोटो उमटतो ती प्लेट मात्र टेबलावरच होती. मी जवळ जाऊन कुजबुजलो, "पंत, प्लेट घातलीच नाही!"

फडक्यातून थंडगार हात आला आणि माझं मनगट घट्ट धरलं. "गप्प बस. ज्यांचे काढले, ते राहिले नाहीत रे. ही मला हवीय."

"आला का हो चांगला?" वहिनींनी विचारलं.

"छान आलाय," फडक्याखालून आवाज आला. "हलू नकोस. अजून एक काढतो."

ऊन उतरेपर्यंत ते काढतच राहिले.