पालकांना घेऊन येणे

अमेरिकेतल्या टोलीडोतला आमचा टायरचा कारखाना बंद पडला आणि वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थी व्हायचं ठरवलं. कोर्स एसी दुरुस्तीचा. सरकारी मदत मिळाली तर कॉलेज, नाही तर मेव्हण्याच्या, म्हणजे ड्वेनच्या, कार-वॉशवर हातात फडकं! (ड्वेन मला वर 'शाब्बास' म्हणणार. त्यापेक्षा उपाशी मेलेलं बरं.)

मदतीच्या अर्जातला मी तज्ज्ञ. मुलीचा अर्ज दोन वर्षांपूर्वी मीच भरला होता. पोरांनी कॉलेजसाठी मदत मागितली की आईबापांना आपला टॅक्स सरकारपुढे उघडा करावा लागतो, हे मला पाठ होतं.

"लेनी, एकदा नियम तरी वाच," रोझेन म्हणाली. रोझेन म्हणजे बायको.

"मला नको शिकवूस!" असं म्हणून मी तडक आईकडे गेलो.

आई अठ्ठ्याहत्तरची. आपलं उत्पन्न तिनं माझ्या वडिलांनाही शेवटपर्यंत कळू दिलं नव्हतं.

"नाही सांगणार, जा!"

"अगं आई, सरकार विचारतंय."

"मग सरकारला म्हणावं, समोर येऊन विचार."

सरकार काही येईना. शेवटी आईच निघाली. अंगात चर्चला जायचा कोट, गाडीत मांडीवर पिएरोगीचा डबा. आमच्या पोलिश घरांत त्या बटाटा भरलेल्या करंज्यांशिवाय कुठलंही काम होत नाही.

मदत-कचेरीत मिस डेल्गाडो होती, माझ्या मुलीपेक्षा जेमतेम चार वर्षांनी मोठी.

"पोरी, याचं डोकं वाईट नाही," आईनं सुरुवात केली, "पण बूड टेकत नाही. गणितात दोनदा आपटलाय. नववीत तर बाईंच्या खुर्चीला गोंद—"

"आई!"

"मोठी माणसं बोलतायत ना? गप्प बस."

मागच्या रांगेतल्या पोरांनी कानातले इअरफोन काढले.

मग आईचा आवाज एकदम उतरला. "कारखाना गेल्यापासून हा गराजमध्ये नुसता बसून राहतो गं. बघवत नाही मला. त्याला शिकू दे. घे, लिही माझं उत्पन्न." आणि तिनं चक्क सांगून टाकलं! रांगेतल्या एका पोरानं नाक ओढलं.

मिस डेल्गाडो अवघडून म्हणाली, "आजी, फार प्रेमळ आहात तुम्ही. पण यांच्या अर्जाला पालक लागतच नाहीत. चोविशी ओलांडली की विद्यार्थी स्वतंत्र. फक्त बायकोचं उत्पन्न लागेल."

"स्वतंत्र? हा?" आई माझ्याकडे बघत म्हणाली. "याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत!"

रोझेननं सही केली. (ती काय म्हणाली ते इथे छापण्यासारखं नाही.) मदत मंजूर झाली, फक्त एका अटीवर. पास होत राहायचं, नापास झालो की मदत बंद आणि ड्वेनचं फडकं चालू.

तेवढ्यावर भागलं असतं. पण मिस डेल्गाडोनं पिएरोगी खाल्ल्या, खूश झाली आणि आईला सांगून बसली की साठीच्या पुढच्यांना इथे फी माफ असते. दुसऱ्या सोमवारी वर्गात शिरतो तो पहिल्या बाकावर आई! समोर उघडी वही, डोळ्यांवर नवा चष्मा.

पहिल्या चाचणीत मी काठावरसुद्धा नव्हतो. सरांनी वर्ग सुटल्यावर मला बाजूला घेतलं आणि खांद्यावर हात ठेवला.

"घाबरू नका, व्रोबेल. मदत बंद होणार नाही, अजून दोन चाचण्या आहेत. वर्गात पहिल्या आलेल्या बाईंशी मी बोललोय. शिकवायला तयार आहेत त्या. पण म्हणाल्या, आधी त्याचे हात बांधून ठेवीन, जवळपास गोंद असला तर."