न उजवायचं व्रत

शैलजावहिनींनी ज्या दिवशी सोमवारचं व्रत उजवलं, त्याच संध्याकाळी त्यांच्या वरच्या दातांनी आपापल्या जुन्या जागी परत जायचं ठरवलं आणि तसं त्यांना रीतसर कळवलं.

व्रत दातांसाठीच धरलेलं होतं. वहिनींचे पुढचे दात लहानपणापासून एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे असायचे, त्यामुळे वहिनी हसताना पदर तोंडावर धरत. मिरजेच्या त्यांच्या भगिनी मंडळात श्रावणातली कहाणी वाचायचा मान त्यांना कधीचा मिळालेला होता, पण ती त्या पदराआडून वाचत आणि मागच्या बायकांना नुसती गुणगुण ऐकू येई. शेवटी लेकीच्या आग्रहानं त्यांनी दातांना तारा बसवून घेतल्या आणि त्याच दिवशी शंकराला सांगितलं, "दात ओळीत येईपर्यंत दर सोमवारी उपास करीन. मग श्रावणात तोंड उघडून कहाणी वाचीन."

दात ओळीत आले. तारा निघाल्या. डॉक्टर शबनम मुजावर यांनी दातांचं माप घेतलं आणि म्हणाल्या, "काकू, उद्या येऊन रिटेनर घेऊन जा हं. विसरू नका." साडीबरोबर दुकानदार पिशवी देतो तसं काहीतरी असेल, असं वहिनींना वाटलं. त्या घरी आल्या, चुरम्याचा नैवेद्य केला, एक दांपत्य जेवू घातलं आणि व्रत उजवून मोकळ्या झाल्या.

दातांच्या वतीनं उजवीकडचा सुळा बोलला. तो वयानं नसला तरी स्वभावानं वडीलधारा होता.

"वहिनी, राग मानू नका. तुम्ही व्रत धरलंत म्हणून आम्ही इथवर आलो. आज तुम्ही ते उजवलंत. म्हणजे आमचंही काम संपलं. आता निघतो."

"अहो, पण जेमतेम तर आलात!"

"तेच तर. घरची फार आठवण येते."

मधुकरराव, म्हणजे वहिनींचे यजमान, सुपारी कातरत होते. त्यांनी विचारलं, "काय म्हणतायत?"

"निघालेत."

"मग दशम्या बांधून दे बरोबर. रिकाम्या हाती पाठवू नको."

वहिनींना हसू आलं आणि हात आपोआप पदराकडे गेला.

सकाळपर्यंत सुळा तिळाएवढा सरकलेला होता. वहिनी दवाखान्यात गेल्या तेव्हा डॉक्टरांनी छोट्या आरशात पाहिलं आणि त्यांना काही नवल वाटलं नाही.

"जातातच ते काकू. हाड अजून ओलं आहे, वाट मोकळी आहे. अडवायचं तर हाच." त्यांनी काचेसारखी पारदर्शक, दातांच्याच आकाराची पट्टी डबीतून काढून वहिनींच्या दातांवर बसवली. "सध्या दिवसरात्र घालायचा. जेवताना काढायचा आणि काढला की डबीत, रुमालात गुंडाळून नाही. बायका रुमाल झटकतात आणि मग रिटेनर केरात शोधत बसतात. धुवायचा गार पाण्यानं, मऊ ब्रशनं. पेस्ट नको, ओरखडे पडतात."

वहिनींनी मान डोलावली. बोलायला गेल्या तर 'स' चा 'थ' झाला. डॉक्टर म्हणाल्या, "होईल सवय. मोठ्यानं वाचत राहा."

दात आत घुसमटले. "कोंडलंत आम्हाला," सुळा म्हणाला. पण पट्टी घट्ट होती, जाणार कुठे!

अडचण आली ती पूजेच्या वेळी. तोंडात घातलेली वस्तू म्हणजे उष्टी. ती तोंडात ठेवून देवासमोर बसायचं कसं? म्हणून वहिनींनी रिटेनर काढला. आणि एकदा काढला तर नीट सोवळ्यातच घ्यावा, म्हणून त्यांनी त्याच्यावर चहाच्या पातेल्यातलं उकळतं पाणी घातलं. रिटेनरनं अंग आक्रसून घेतलं आणि तो खोबऱ्याच्या वाळक्या कापासारखा वळला.

"शुद्ध झाला," वहिनी म्हणाल्या. पण तो दातांवर बसेना.

सुळा खाकरला. "राखणदारच वाकला, वहिनी. आता आम्हाला थांबवायला कुणी नाही."

"थांबा हो जरा. श्रावण तोंडावर आलाय."

"आम्ही कोणत्या शब्दावर थांबावं? व्रत तर उजवलंत."

वहिनी पुन्हा दवाखान्यात गेल्या. वळलेला रिटेनर पाहून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "उकळलात? काकू, हा काय दुधाचा फडका आहे?"

"उष्टा होता गं. देवासमोर कसा न्यायचा?"

"मला तुमचं सोवळं काय कळणार? माझी अम्मीपण नमाजाच्या वेळी असाच घोळ घालते तिच्या कवळीचा." डॉक्टर नवीन माप घेत हसल्या. "मी तिला विचारते, जिभेचं काय करतेस?"

वहिनी घरी येईपर्यंत जिभेचाच विचार करत होत्या. खरंच की. देवाचं नाव घेते ती जीभ दिवसभर तोंडातच असते. तिला कुणी कधी उकळलेलं नाही, आणि देवानं ते नाव परत पाठवल्याचंही ऐकिवात नाही.

नवा रिटेनर आला तसा त्यांनी तो गार पाण्यानं धुतला, दातांवर बसवला आणि तसंच देवासमोर बसून ओंजळीत पाणी घेतलं. सुळा सावध झाला.

"हे काय, नवीन व्रत?"

"हो."

"किती दिवसांचं?"

"उजवायचं नाही असं," वहिनी म्हणाल्या. "आधी दिवसरात्र, मग डॉक्टर म्हणतील तेव्हापासून रोज झोपताना. जिवंत आहे तोवर." आणि त्यांनी पाणी सोडलं.

दातांनी आपसात बराच वेळ विचारविनिमय केला. पटाशीचे दोघे लवकर तयार झाले. सुळ्यानं मात्र मनातलं बाहेर काढलं.

"थांबतो. व्रताचा मान मोडायचा नाही आम्हाला. पण वहिनी, एक विचारतो. आम्ही एवढा त्रास काढून ओळीत उभे राहिलो, ते पदराची आतली बाजू बघायला का? तारा निघाल्यापासून तुम्ही एकदा तरी आम्हाला बाहेर बघू दिलंत? घरची आठवण उगाच येत नाही कुणाला."

पदर धरलेला हात वहिनींनी हळूच खाली घेतला.

श्रावणातल्या शुक्रवारी मंडळाचा हॉल भरला होता. वहिनी उभ्या राहिल्या. दोन्ही हातांनी पोथी धरली, म्हणजे हात दुसरीकडे जायला नको. पहिल्या वाक्याला आवाज कापला. दुसऱ्याला सुळा आतून म्हणाला, "आम्ही आहोत." तिसऱ्यापासून त्यांचा आवाज असा मोकळा सुटला की पंखा बंद करायला गेलेली बाई बटणावर हात ठेवून तशीच उभी राहिली. कहाणीतल्या राजाच्या फजितीपाशी वहिनींना हसू फुटलं आणि त्या सगळ्यांसमोर दिलखुलास हसल्या. वरचे दात ओळीत उभे राहून पहिल्यांदा हॉल पाहत होते.

मागच्या रांगेतल्या गोदाक्का शेजारणीला म्हणाल्या, "अगं, या कहाणीत राजाला दोन बायका आहेत होय? इतकी वर्षं मी एकच धरून चालले होते!"

टाळ्या पडल्या. कहाणीला टाळ्या वाजवायची रीत नाही, पण कुणी हरकत घेतली नाही. दारात उभ्या राहिलेल्या मधुकररावांच्या टाळ्या सर्वांत उशिरा थांबल्या.

मग शैलजावहिनींनी पोथी मिटली आणि आपलं पदरचं चार शब्दांचं सांगणं जोडलं.

"बायांनो, ज्यांच्या किंवा ज्यांच्या लेकीसुनांच्या तारा निघाल्या असतील, त्यांनी रिटेनर आधी दिवसरात्र, मग रोज झोपताना घाला. गार पाण्यानं धुवा, डबीत ठेवा, उकळू नका. आणि हे व्रत उजवू नका. धरलेलंच ठेवा. दात बिचारे शब्दाचे पक्के असतात, आपणही असावं."

हॉलमधल्या काही दातांनी यावर हळू आवाजात चर्चा केली. त्यांना कुणी गप्प केलं नाही.

"मला जसं लाभलं तसं तुम्हालाही लाभो," वहिनी म्हणाल्या. "आज घरी गेल्यावर पाणी सोडा. आणि आत्ता, इथे, सगळ्याजणी एकदा तोंड उघडून हसा बघू."